खाजणाखालचं भात

रेवदंडा, २ डिसेंबर १९२८, रविवार

आलो एकदाचे. बोटीत सगळा वेळ यांनी ती सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवर धरली होती, तान्हं पोर असल्यासारखी. माझी लोणच्याची बरणी मात्र कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. मी बोट लागून अर्धमेली झालेली, आणि हे म्हणतात, "गोदू, जरा सरक, पेटीला धक्का लागतोय." कपाळ माझं! सवत आणली असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

घर बरं आहे. नारळीच्या वाडीत दोन खोल्या, मागे विहीर, पुढे उत्तरेची पडवी. तिथे टेबल मांडलं, कारण उत्तरेचा उजेड या यंत्राला मानवतो म्हणे. मला कुठली दिशा मानवते ते कोणी विचारलं नाही.

इथे का आलो ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझं मलाच खरं वाटायचं नाही. खाडीच्या पलीकडे आगऱ्यांचं एक गाव आहे. गावापुढे मोठं खाजण. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, तिवरांची झुडपं नि खेकडे. गावातले म्हणतात, फार पूर्वी तिथे भात पिकत होतं, मग समुद्र आत शिरला. शिकलेले म्हणतात, सगळ्या गप्पा, तिथे कायम खारंच होतं. यांनी ते कधीतरी ऐकलं आणि तेव्हापासून ध्यास घेतला, की हे चिखलालाच विचारायचं.

चिखलाला कसं विचारतात? मीही हसले होते. भाताचं पातं बोटाला कापतं, ते त्याच्यात बारीक काच असते म्हणून. झाड मुळांनी पाण्याबरोबर ती काच शोषतं आणि पानात साठवतं. झाड कुजतं, काचेचा कण कुजत नाही. हजार वर्षं चिखलात तसाच पडून राहतो, आणि प्रत्येक झाडाच्या कणाचा घाट निराळा असतो. परदेशातले काही प्राध्यापक पानं जाळून राखेत हे घाट बघतात. आपल्याकडे हे कोणी केलेलं नाही, असं यांचं म्हणणं. हे झाडांचं शास्त्र शिकवतात त्या कॉलेजातून जूनपर्यंत रजा मिळाली आहे. बोटीतून उतरताना म्हणाले, "गोदू, ही एवढी एक गोष्ट माझ्या हातून होऊ दे." यांच्या तोंडी असली काकुळतीची भाषा मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली.

९ डिसेंबर

अंबाजी आला होता. त्या गावचा म्होरक्या. उंच, काळा, आवाज असा की वाडीतले कावळे उडाले. ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"मास्तर, खाजनाचा जुना बांध फुटलाय, त्याला खांड पडलीय, ती आमी बांधून काढनार. पन गावान दोन तट हायेत. एक म्हनतो, आजाचं भात व्हतं, परत पिकवू. दुसरा म्हनतो, खाऱ्यान राबून मरायचं कशाला. तुमी एवरंच सांगा, भात व्हतं का न्हाय?"

"बघून सांगतो," हे म्हणाले.

"नीट बघून सांगा. तुमी व्हय म्हटलंत तर सगला गाव चिखलान उतरंल."

तो गेल्यावर हे यंत्राची पेटी उगाच पुसत बसले. मी म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेता? भात असलं तर आहे, नसलं तर नाही." तर म्हणाले, "बघणाऱ्यावर आहे ना सगळं."

१८ डिसेंबर

लोखंडी नळ ठोकून चिखल काढून आणला. काकडीसारखे लांब तुकडे, वरचे राखाडी, खालचे काळे. त्यातला चिमूटभर घ्यायचा, धुवायचा, तेजाबात उकळायचा, नळीत निवळू द्यायचा, मग तळचा थेंब काचेवर. तेजाबाचा शिंतोडा उडून माझ्या निळ्या लुगड्याला भोक पडलं. मी दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी हे म्हणाले, "तू बोलत नाहीस तेव्हा घर फार मोठं वाटतं." मग बोलले.

आणि आज गंमत म्हणजे मला त्या खुर्चीवर बसवलं. "तू बघ. तुझा हात रांगोळीचा आहे, तुला आकार धरता येतात. मी काढलेली चित्रं म्हणजे बटाटे." खरंच आहे ते. पण ज्या पेटीला मला फडकंसुद्धा लावू देत नव्हते, तिच्यावर मला बसवलं, याचं नवल वाटलं. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम उजेडाचा गोल, आणि त्यात काचेचे तुकडे, पण तुकडे म्हणवत नाही असे रेखीव. देवानं फावल्या वेळात कोरून ठेवल्यासारखे. मी म्हटलं, "अगबाई!" हे इतके हसले, इतके हसले, की मला यांचं लग्नाच्या वेळचं तोंड आठवलं.

६ जानेवारी १९२९

ओळखीची झाडं जाळून त्यांच्या राखेतले घाट पाठ करायचे, म्हणजे चिखलातले ओळखता येतात. मी त्यांना माझी नावं ठेवली आहेत. भाताच्या पात्यात डमरू. भाताच्या तुसात दोन शिंगांचा कण, वासराच्या डोक्यासारखा, तो दुसऱ्या कशात नाही. माडात काटेरी गोळे. देवनळात, ज्याच्या बोरूच्या लेखण्या करतात त्याच्यात, घोड्यावरची खोगिरं. यांच्याकडे प्रत्येकाला मोठमोठी लॅटिन नावं आहेत, पण आता तेही "खोगीर किती?" असंच विचारतात.

आमची वाटणी अशी झाली आहे, की मी बघायचं आणि सांगायचं, यांनी पाटावर बसून ऐकायचं आणि ओळखायचं. "कड कशी आहे? गुळगुळीत की खाचांची? मधे कंबर आहे का?" मी सांगते, हे डोळे मिटून ऐकतात, गाणं ऐकावं तसे. स्वतः उठून बघणं जवळजवळ सोडलंच आहे. मी म्हटलं, "तुम्हाला आयती मोलकरीण मिळाली." तर म्हणाले, "मोलकरीण नव्हे, गुरू करून सोडणार आहे तुला." ऐतखाऊपणाला गोड नाव!

वर्तमानपत्रही मलाच वाचायला लावतात. माझं वाचन सुधारावं म्हणून. जसं काही मी शाळेत पहिली येत नव्हते.

१४ जानेवारी, संक्रांत

पलीकडच्या गावची जनीआजी बोंबील आणि बोयी घेऊन आली. तिला तिळगूळ दिला. तिनं यांनाही हात जोडले, तर यांनी वळून खांबाला नमस्कार केला. मी म्हटलं, विद्वान माणूस, असायचाच वेंधळा. जनीआजी मात्र हसली नाही. यांच्याकडे बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "बाय, यांना जप."

"जपतेय की," मी म्हटलं. "अंगावर मूठभर मांस चढलंय इथे आल्यापासून."

बोयीचा काटा यांच्या घशात अडकला. भाताचे गोळे गिळवले तेव्हा गेला. नवऱ्याच्या पानातला मासा सोलून द्यायची पाळी आली! रागावले, पण दिला सोलून.

दुपारी एक झालं, ते लिहायलाही लाज वाटते. मी दारात तांदूळ निवडत होते. हे आले, समोर बसले, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि बघतच राहिले. अगदी जवळून. मी म्हटलं, "अहो, दार उघडं आहे!" तर म्हणाले, "असू दे. तुझ्या भुवईत एक पांढरा केस आलाय." एवढ्यासाठी! पण दिवसभर माझं मन कशात लागलं नाही, आणि तांदळात खडे राहिले.

२ फेब्रुवारी

वरचे थर संपले. तिवरांचा गाळ नि दोनचार भटके कण, बाकी काही नाही. आता खालचा काळा चिखल. पण मुंबईहून आणलेल्या सगळ्या नळ्या आणि काचा वापरून मेणचट झाल्या होत्या. हे म्हणाले, स्वच्छ करून ठेव. आज सकाळभर विहिरीवर बसून मी एकेक घासली. कंदिलाची काच घासते तशी, राखेनं. अशा लखलखीत झाल्या की नवऱ्या मुलीच्या बांगड्या झक मारतील. यांनी बोट फिरवून बघितलं, कुर्र वाजलं. म्हणाले, "गोदू, तुझ्या हाताला तोड नाही." हे मात्र लिहून ठेवायलाच हवं.

१९ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! भात सापडलं!

काळ्या चिखलाची पहिलीच काच. मी बघितलं. दोन शिंगं. मग दुसरा. मग तिसरा, मोडका, एकाच शिंगाचा. मी ओरडले, "अहो, वासरं! वासरं!" हे पाटावरून उठले, टेबलाला अडखळले, पाण्याचा तांब्या लवंडला, कोणाला पर्वा! "नक्की? कड सांग. शिंगांमधलं अंतर सांग." मी सांगत गेले. मग माझे दोन्ही हात धरून पडवीत चक्क गोल फिरवलं. शेजारच्या वाडीतला रघू माडावर माडी काढत होता, तो वरून बघत होता. बघू दे मेला.

मी म्हटलं, "तुम्ही एकदा बघा ना." यांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "सुंदर."

३ मार्च

भात सापडल्याचं कळताच अंबाजीच्या गावानं काम काढलं. आम्ही होडीनं बघून आलो. बायका डोक्यावर चिखलाच्या पाट्या घेऊन रांगेनं जातात, पुरुष दगड रचतात. पाडव्यानंतरच्या भांगाला, म्हणजे भरतीला जोर नसतो तेव्हा, शेवटची खांड बुजवायची आहे. दुसऱ्या तटाचा धर्माही कमरेएवढ्या चिखलात उतरलेला. यांना बघून म्हणाला, "मास्तर, तुमचेमुलं आलो हां. माजा इस्वास नव्हता."

यांनी कॉलेजासाठी निबंध सांगायला घेतला आहे. हे सांगतात, मी लिहिते. किती दिवसांनी यांना सकाळी गुणगुणताना ऐकलं.

१५ मार्च

काय लिहू. 

आज काम नव्हतं. सहज चाळा म्हणून विहिरीच्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला, किडे दिसतात का बघायला. किडे होतेच. आणि किड्यांच्या मधे दोन शिंगांचा कण.

विहिरीत भात कुठून? वाटलं, काच खरकटी असेल. दुसरी घेतली, नुसती ओली केली. तिच्यावरही. तिसरीवरही. कोरड्या नळीतून पाणी फिरवून बघितलं, तर तिच्यात वासरांचा कळपच. काही कणांच्या पोटात काळं होतं, काजळी धरल्यासारखं. चिखलातल्या कणांतही मी ते काळं बघितलं होतं, आणि चिखलाचाच रंग समजून सोडून दिलं होतं.

मग मी विहिरीवर गेले. कोपऱ्यात नारळाच्या करवंटीत माझी राख. कसली राख? चुलीत तूस जाळते, त्याची. भाताच्या तुसाची! कोकणातली कुठली बाई भांड्याला दुसरी राख लावते?

ते भात खाजणातलं नव्हतं. माझ्या चुलीतलं होतं. आणि तिकडे बायका डोक्यावर पाट्या वाहतायत.

१६ मार्च

सांगितलं नाही. सकाळपासून तीनदा तोंड उघडलं. एकदा मीठ हवं का विचारलं, एकदा पाणी, तिसऱ्यांदा नुसतंच मिटलं. यांनी आज निबंधाचा शेवट सांगितला. "हे काम माझ्या पत्नीच्या नजरेवाचून झालं नसतं," असं वाक्य घातलं. मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

एक मात्र डोक्यातून जात नाही. ती काजळी. यांनी आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं, की जळलेलं कसं ओळखायचं, कुजलेलं कसं. यांनी स्वतः काच बघितली होती. बघून "सुंदर" म्हणाले होते. मग यांना काजळी कशी दिसली नाही?

१७ मार्च

करू नये ते केलं. नवी काच, पेटीच्या तळाशी पुडीत विसरून राहिलेली, हात न लावलेली, यंत्राखाली ठेवली आणि म्हटलं, "अहो, आज फारच छान आलेत, एकदा बघा."

हे आले. हातानं टेबलाची कड चाचपली, मग खुर्ची, मग यंत्राचा गळा. हे मी आज पहिल्यांदा बघितलं, म्हणजे रोज बघत होते पण आज दिसलं. डोळा लावला. चाक फिरवलं, मागे, पुढे. आणि म्हणाले, "वा. दोन्ही शिंगं किती स्पष्ट आहेत."

मी "हो" म्हटलं. स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. काच कोरी होती.

१८ मार्च

सगळं झालं बोलून. जसं झालं तसं लिहिते.

मी म्हटलं, "काल तुम्हाला काय दिसलं?"

हे म्हणाले, "भात."

"काच कोरी होती."

यांनी मान खाली घातली. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखी. मग म्हणाले, "डावा डोळा दिवाळीच्या आधीच गेला. उजव्याला संक्रांतीपर्यंत अगदी जवळचं दिसत होतं; आता उजेड कळतो, माणूस उभा आहे एवढं कळतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आतला पडदा सुकत चाललाय. औषध नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत!"

"सांगितलं असतं तर इथे येऊ दिलं असतंस?"

"मुळीच नाही! घरात बसवून ठेवलं असतं, डोळ्यांत गाईचं तूप घातलं असतं, नवस बोलले असते!"

"म्हणून नाही सांगितलं."

मी भांडले. इतकी भांडले की लग्नात मानपानावरूनही तितकं भांडण झालं नसेल. म्हटलं, तुमचे डोळे तुमच्या एकट्याचे का? मासा सोलून देताना मी तुमच्यावर रागावले, ते पाप कोणाच्या डोक्यावर? खांबाला नमस्कार केलात, मी हसले. तुम्ही मला हसू कसं दिलंत? हे म्हणाले, "तू हसत होतीस तोपर्यंत मला काही झालेलं नव्हतं." मग मला भांडताही येईना.

शेवटी राखेचं सांगितलं. वाटलं होतं, संतापतील. पण यांचे खांदे हलायला लागले. हसत होते! "तुसाची राख! गोदू, अगं, हिच्याइतकं शुद्ध भात जगात कुठे मिळणार नाही." आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी. मी पुसलं. म्हणाले, "मी एकदाही धड बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"कोणाची ते मग ठरवू. तिकडे माणसं चिखलात आहेत. आधी त्यांना सांगायला हवं, आणि ते मी सांगणार."

२१ मार्च

गेलो. होडीतून उतरून बांधावरून जायचं. मी हात धरायला गेले, तर यांनी झटकला, चारचौघांत नको म्हणून. काठी टेकत पुढे निघाले. बांध मधेच फुटलेला, तीच ती बुजवायची खांड, खाली ओढ्यासारखं पाणी धावतंय. हे सरळ तिकडेच. मी "अहो, अहो" केलं, वाऱ्यात ऐकू जाईना. आणि मग माझ्या तोंडून निघालं ते सगळ्या खाजणानं ऐकलं.

"मोरेश्वर! थांब!"

जागच्या जागी थांबले. पुढचा पाय हवेत. पाट्या वाहणाऱ्या बायका थांबल्या. अंबाजीची सून काशी ओरडली, "आवो, बायनी नवऱ्याचं नाव घेतलान! अरे-तुरे केलान!" खसखस पिकली. पण मी धावत जाऊन यांना दोन्ही हातांनी मागे ओढलं, तेव्हा हसणं बंद झालं. सगळ्यांना कळलं.

तिथेच उभं राहून यांनी सांगितलं. राख, नळ्या, डोळे, काही लपवलं नाही. अंबाजीनं हातातली पाटी आपटली.

"म्हंजे आमी येवरे दिस उगाच चिखलान?"

"मला माहीत नाही," हे म्हणाले. "होतं असंही सांगता येत नाही, नव्हतं असंही नाही. नव्या काचा आणि नळ्या मागवतो. चिखल पुन्हा बघतो. पाडव्यापर्यंत थांबा."

"कोन बघनार? तुमाला तर दिसत न्हाय."

"ही बघणार."

अंबाजीनं माझ्याकडे बघितलं. राखेनं नळ्या घासणारी बाई! माझी मान वर होईना. धर्मा काहीतरी पुटपुटत निघून गेला. अंबाजी म्हणाला, "बरं. पाडव्यापर्यंत हात आवरतो." आवाज पहिल्यासारखा नव्हता.

३० मार्च

होळी झाली. आम्ही पोळी केली नाही, चूल कमीत कमी पेटवते. मुंबईहून नव्या नळ्या नि काचा आल्या. तेजाबानं आणि उकळलेल्या पाण्यानंच धुवायच्या. राख घराबाहेर. भांडी मी वाळूनं घासते, हात सोलून निघाले. आधी नुसत्या पाण्याचा थेंब बघते, कोरा निघाला तरच पुढे.

आता यांना काही लपवायचं नाही. मी पानाशी बसवते, भात कुठे, आमटी कुठे सांगते, मासा सोलते. लोकांनी कितीही हाय हाय केलं तरी खरं सांगते, या घरात इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. पण निबंध तसाच पडून आहे आणि यांचं गुणगुणणं थांबलंय. कॉलेजात आता कोण ठेवणार? हे एकच काम आहे यांच्याकडे. शेवटचं.

९ एप्रिल

काळा चिखल सबंध बघून झाला. भात नाही. एकही वासरू नाही. मोडकंसुद्धा नाही.

परवाच कळत आलं होतं. काल दिवसभर मी यंत्रावर वाकले होते, आणि हे पाटावर बसून दर थोड्या वेळानं, आवाज सहज ठेवून, विचारत होते, "आहे?" मी म्हणत होते, "बघतेय."

किती सोपं होतं! एक शब्द. "आहे." हे पुन्हा मला धरून पडवीत फिरले असते. माझं बोलणं खोटं पाडायला जगात कोणी नाही, हे कण यांच्या कॉलेजात दुसऱ्या कोणाला ओळखता येत नाहीत. आणि तिकडचा गावही आनंदला असता. मी देवाला विचारलं, एवढं दान त्यांना दिलं तर तुझं काय जातं? पण कोरी काच आठवली. कोरी काच बघून यांनी मला "भात" सांगितलं होतं, माझ्या सुखासाठीच. त्यानंतर मी पदर तोंडात कोंबून रडले होते.

आज सकाळी शेवटची काच झाली. यांनी विचारलं, "आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं. नाही."

हे उठले. भिंतीला हात लावत अंगणात गेले आणि माडाला टेकून बसले. मीही गेले, शेजारी बसले.   मग यांनीच विचारलं, "मग काय आहे?"

"खोगिरं. नुसती खोगिरंच. सगळ्यात खालच्या थरात बघवत नाही इतकी."

मान वर केली. "देवनळ? इतका? गोदू, तो निव्वळ खाऱ्यात माजत नाही. त्याला वरून गोडं पाणी लागतं." आणि मला परत यंत्रावर बसवून दुपारच्या जेवणाची वेळ टळेपर्यंत उठू दिलं नाही.

१२ एप्रिल

गावात जाऊन आलो. आज यांनी हात झटकला नाही. अरुंद बांध, मी पुढे, हे मागे, माझ्या खांद्यावर हात. बायका चिडवत होत्या, मीही उलट चिडवलं. सगळे खांडीपाशी जमले. धर्माही आला.

हे म्हणाले, "भात नव्हतं. तुमच्या आजांनी इथे पेरलेलं मला सापडलं नाही. पण समुद्र आत यायच्या आधी इथे देवनळाचं बन होतं. म्हणजे कुठून तरी गोडं पाणी येत होतं. एवढंच खरं सांगू शकतो."

 अंबाजी डोंगराकडे बघत होता. मग धर्माच म्हणाला, "डोंगराचा नाला! तो आता पलीकडं उतरतो. पयला इकडंच उतरत असंल. वळवला तर खार धुऊन काढंल." मग पुरुषांची हुज्जत सुरू झाली, कुठून वळवायचा, किती खणायचं. एक म्हणे जमेल, दुसरा म्हणे खुळा झालास. जनीआजी एका दगडावर बसून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हंजे आजाचं भात न्हवतंच?"

"न्हवतं, आये," अंबाजी म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट ती, मलाही वाईट वाटलं. पण मग तोच कमरेवर हात ठेवून खाजणाकडे बघत म्हणाला, "न्हवतं तर न्हवतं. मंग पयलं भात आमचंच." आणि पाटी उचलून खांडीत उतरला. त्याच्या मागून धर्मा.

आम्ही परत निघालो. माझा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. चालता चालता म्हटलं, "रागावलात का माझ्यावर? त्या दिवशी मी 'आहे' म्हणाले असते तर तुमचा निबंध तरी झाला असता."

खांद्यावरचा हात जड झाला. म्हणाले, "इतके महिने मला एकच भीती होती, की डोळे गेल्यावर लोक माझ्याशी गोड बोलतील आणि मला खरं काही कळायचं नाही. तू 'नाही' म्हणालीस ना, तेव्हा ती गेली. आता जायचे ते डोळे खुशाल जाऊ देत."

 पुढे बांध ढासळलेला होता. म्हटलं, "डावीकडे सरका. माझ्या पावलावर पाऊल टाका."